शिंजुकूत सोडलेला हात

“ताई, तुम्ही बसमध्येच थांबा,” हर्षद म्हणाला. “खाली नुसती गर्दी आहे. रोज तीस-पस्तीस लाख माणसं या एका शिंजुकू स्टेशनातून जातात. एवढी जगात कुठे नाहीत म्हणतात.”

“म्हणूनच मला उतरायचंय,” मी म्हणाले.

मागच्या सीटवर कोणीतरी हसलं. हर्षद आमच्या सहलीचा मॅनेजर, सव्वीस-सत्तावीसचा असेल. चोवीस माणसं सांभाळून सांभाळून दुसऱ्याच दिवशी त्याचा घसा बसला होता. तो खाली वाकला आणि लहान मुलीशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “ताई, तिथे तुम्हाला बघण्यासारखं काही नाही हो.”

“मला बघण्यासारखं कुठेच काही नाही. तरी मी सातारहून इथवर आलेय.”

 त्याने माझ्या शेजारी बसलेल्या दादाकडे बघितलं असणार, कारण दादा लगेच म्हणाला, “कुमे, हट्ट करू नकोस. पाऊण तासाचा तर प्रश्न आहे. ड्रायव्हर आहे बसमध्ये. मी तुझ्यासाठी यंत्रातून तो गरम चहाचा डबा घेऊन येतो.”

“मी उतरणार आहे दादा,” मी म्हणाले आणि उठून उभी राहिले.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. तिसऱ्या वर्षी गोवरात माझे डोळे गेले, त्यामुळे बघणं म्हणजे काय हे मला आठवतसुद्धा नाही. पुण्याला अंध मुलींच्या वसतिगृहात राहून शिकले आणि नंतर सातारला एका बँकेच्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. चोवीस वर्षं त्या बोर्डावर बसले. अडीचशे लोकांचे आवाज मी ‘हॅलो’च्या ‘हॅ’वरून ओळखायची. पण घरापासून बँकेपर्यंतचा दीड किलोमीटर रस्ता कधी एकटीने चालले नव्हते. आई जिन्याखाली आणून रिक्षात बसवायची, बँकेच्या दारात बाबर नावाचा शिपाई उतरवून घ्यायचा आणि खुर्चीपर्यंत पोचवायचा. संध्याकाळी हेच उलट.

त्या वर्षी आषाढात आई गेली. तेराव्याला दादा म्हणाला, “कुमे, तुला कुठेतरी फिरवून आणतो. काशी, रामेश्वर, तू म्हणशील तिथे.”

मी म्हणाले, “जपान.”

त्याला वाटलं दुःखाने माझं डोकं फिरलं. पण मी हटले नाही. कारण सांगितलं असतं तर तो नक्की नाही म्हणाला असता, म्हणून सांगितलं नाही. कारण एवढंच होतं, की वसतिगृहातली माझी मैत्रीण रझिया एकदा कसल्याशा प्रशिक्षणाला सहा महिने जपानला गेली होती आणि तिने मला पत्राऐवजी एक कॅसेट पाठवली होती. त्यात ती सांगत होती, “कुमुद, इथे रस्त्यात आपल्यासाठी रेघा घातल्यात गं. उंच रेघा, चपलेतूनसुद्धा लागतात. लांब रेघ असली की चालायचं, गोल ठिपके लागले की थांबायचं. मी रोज एकटी जाते कामाला. एकटी!” हे शेवटचं ‘एकटी’ ती एवढ्या जोरात ओरडली होती की टेप फाटल्यासारखा आवाज यायचा. ती कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली.

तर टोकियोतला आमचा पहिला दिवस देवळात आणि टॉवरवर गेला. देवळात उदाचा धूर अंगावर घेतात, तो मी घेतला. टॉवरवर सगळे “वा, वा” करत होते तेव्हा मी काचेला तळवा लावून उभी राहिले. काच वाऱ्याने बारीक थरथरत होती आणि ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण दिवसभर माझा उजवा हात दादाच्या मुठीत. तो मनगट धरतो, घट्ट, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत ओढून लावल्यासारखं. रेघा पायाला लागत होत्या. लागत होत्या, आणि दादा मला त्यांच्यावरून बाजूला ओढत होता. “जरा नीट चाल, इथे खडबडीत आहे,” म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये वहिनी माझ्या पुढच्या सीटवर वाळिंबे बाईंशेजारी बसली होती. वाळिंबे बाई सोलापूरच्या, बोलायला फार हौशी. त्यांनी विचारलं, “मग आता यांचं कसं करणार तुम्ही? आई तर गेल्या.”

“आमच्याकडे चिंचवडला आणायचं,” वहिनी म्हणाली. “मागची खोली तयार आहे, रंगसुद्धा दिला. खिडकीला जाळी बसवून घेतली.”

“आणि नोकरी?”

“नोकरीचा अर्ज यांनी लिहून ठेवलाय. स्वेच्छानिवृत्तीचा. तिच्या साहेबांशी बोलणंही झालंय. इथून गेल्यावर फक्त सही घ्यायची.”

“त्या तयार आहेत?”

“तिला अजून सांगितलं नाही. सहल होऊन जाऊ दे म्हटलं आनंदात. पण ती नाही म्हणायची नाही हो. आजवर कधी कशाला नाही म्हणाली नाही, गरीब आहे स्वभावाने.”

हे सगळं माझ्या नाकासमोर एका हातावर चाललं होतं. डोळे नसलेल्या माणसाला कानही नसतात असं लोकांना का वाटतं, देव जाणे. वहिनी वाईट नव्हती. जाळी बसवून घेतली हे तिने प्रेमानेच सांगितलं. पण मला त्या क्षणी ती खोली दिसली. म्हणजे मला जसं दिसतं तसं. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, ताज्या रंगाचा वास, आणि माझ्यासमोर एकही फोन नाही.

आणि मग बस थांबली आणि हर्षद म्हणाला, ताई, तुम्ही बसमध्येच थांबा.

तर मी उतरले. नोव्हेंबरची थंडी होती. दादाने मनगट धरलंच. हर्षदने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, “स्टेशनच्या पश्चिमेला उभे आहोत आपण. जमिनीखालून एक लांब रस्ता पूर्वेला जातो. तिकडे बाजार. दहा-बारा मिनिटं चालायचं. माझा केशरी झेंडा सोडायचा नाही. चुकलात तर पूर्वेच्या दारावर, ईस्ट एग्झिटला, यायचं. मी तिथे उभा असेन. फोनच्या भरवशावर राहू नका, हॉटेलच्या बाहेर कोणाचाच चालत नाहीये.”

जिना उतरलो आणि आवाज बदलला. इतक्या पावलांचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पण नुसती पावलं. बोलणं नाही, हाका नाही, भांडण नाही, विक्रेते नाहीत. हजारो माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी जात होती आणि एकाचाही खांदा मला लागत नव्हता. आमचाच घोळका तेवढा मोठ्याने बोलत होता. आणि पायाखाली रेघ आली. चार उंच पट्ट्या, सरळ पुढे.

मी थांबले. “दादा, हात सोड.”

“का? काय झालं?”

“मला एकटीला जायचंय. पूर्वेच्या दारापर्यंत. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते.”

“वेड लागलंय का तुला?”

“नाही. पायाखाली रस्ता आहे माझा. सोड.”

त्याने आणखी घट्ट धरलं. मी ओढलं. त्याने मला स्वतःकडे खेचलं आणि दातओठ खात कुजबुजला, “कुमुद, माणसं बघतायत.”

“बघू देत,” मी म्हणाले. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडले, “हात सोड!”

आजूबाजूची पावलं क्षणभर अडखळली. हर्षद धावत आला. “ताई, प्लीज, माझी जबाबदारी आहे. काही झालं तर कंपनी मला...”

“तुझ्या कंपनीला माझ्या सहीचा कागद हवा असला तर आत्ता देते. मी सज्ञान आहे, बँकेत नोकरी करते, आणि तुझ्या चोवीस माणसांतली मीही एक आहे. ईस्ट एग्झिट म्हणालास ना? पाटी नाही वाचता येत मला, पण तोंड आहे. विचारीन.”

वहिनी म्हणाली, “अहो, सोडा, तमाशा नको.” आणि दादाचा हात सुटला. मला वाटतं, त्याने सोडला नाही, त्याची बोटं दमली.

मी पर्समधून घडीची काठी काढली. आई गेल्यावर रझियाकरवी मागवून घेतली होती, घरात कोणाला माहीत नव्हती. आईला काठी आवडायची नाही, लोकांना कळतं म्हणायची. काठी चार ठिकाणी खट् खट् करत सरळ झाली.  मी निघाले.

पहिली वीस पावलं पाय माझे नव्हतेच.  मग काठीचं टोक पट्टीच्या खाचेत बसलं आणि आगगाडी रुळावर लागावी तसं चालणं लागलं. एके ठिकाणी रेघेवर बॅग होती, काठी तिला आपटली. कोणीतरी “सुमिमासेन, सुमिमासेन” अशी माफी मागत ती चाकांवर बाजूला ओढली. डावीकडून पावाचा गोड वास आला, मग कॉफीचा, मग नव्या चामड्याचा. उजवीकडून गार वारा आला म्हणजे तिकडे जिना असणार. कठड्याला हात लावला तर वरच्या कडेला ब्रेलचे ठिपके! सहा ठिपक्यांचीच लिपी, पण भाषा जपानी. अक्षरं बोटांना कळत होती आणि अर्थ लागत नव्हता. फक्त एक आकडा ओळखता आला, आठ. आकडे आपल्यासारखेच असतात. जगातल्या सगळ्यात गर्दीच्या स्टेशनात, भुयारात, मी एक आठ वाचला. मला हसू आलं. मी मोठ्याने हसले आणि कोणाचंही काही बिघडलं नाही.

मग ठिपक्यांचा मोठा चौकोन लागला. रेघ तिथे तीन बाजूंना फुटत होती. मी जास्त पावलं जिकडे जात होती तिकडे वळले, आणि चुकले. थोड्या वेळाने समोरून ‘पिंग-पाँग, पिंग-पाँग’ असा आवाज येऊ लागला आणि यंत्रांची कटकट. तिकिटाचे दरवाजे. म्हणजे मी बाजाराकडे नाही, गाड्यांकडे आले होते.

खोटं का सांगू, त्या क्षणी दादाचा हात हवासा वाटला. मी तशीच उभी राहिले, काठी छातीशी धरून. आणि एक म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, अगदी समोरून, वाकून बोलल्यासारखा. स्टेशनचा माणूस असणार, किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. मी म्हणाले, “ईस्ट. ईस्ट एग्झिट.” त्याने कोपर माझ्या हाताला हलकेच टेकवलं, म्हणजे धरा, मी नेतो. मी मान हलवली. “नो. मी. एकटी.” मराठीतच म्हणाले, छातीवर बोट ठेवून.

 मग माझ्या पायाशेजारच्या रेघेवर त्याने बुटाचं टोक दोनदा आपटलं. “बॅक. डॉट, डॉट, डॉट. देन लेफ्ट. स्ट्रेट.” आणि एक पाऊल मागे सरकला. मला वाट करून दिली. आजवर मला इतक्या लोकांनी मदत केली, पण मागे सरकून कोणी केली नव्हती.

मी मागे फिरले, ठिपक्यांपाशी आले, डावीकडे वळले आणि सरळ चालत राहिले. शेवटी पायऱ्या आल्या. वर पोचले तेव्हा तोंडावर ऊन आलं, मोटारींचा आवाज आला, आणि रस्ता ओलांडायच्या ठिकाणी भोंग्यातून पाखरांचा आवाज, ‘पियो, पियो’. ईस्ट एग्झिट.

“ताई!” हर्षद किंचाळला. वाळिंबे बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणखी दोघातिघांनीही वाजवल्या. कोणीतरी पाण्याची बाटली हातात दिली. मी एक घोट घेतला आणि म्हणाले, “दादा कुठाय?”

टाळ्या थांबल्या.

“तुझ्याबरोबर नाहीत?” वहिनीचा आवाज चिरकला. “ते तर तुझ्या मागे धावत गेले. लगेच गेले. मी म्हटलं जाऊ नका, ऐकलं नाही.”

वीस मिनिटं झाली होती. झेंडा सोडून दादा माझ्या मागे आला होता आणि त्या माणसांच्या पुरात त्याने मला हरवलं होतं. त्याच्याकडे चालणारा फोन नव्हता, हॉटेलचा कागद वहिनीच्या पर्समध्ये होता, इंग्रजी पाट्या त्याला वाचता येत होत्या पण नुकताच मोतीबिंदू काढलेला, लांबचं धूसर. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घ्यायच्या राहिल्या, हे वहिनीला तेव्हाच आठवलं. ती रडायला लागली.

“मी शोधून आणतो,” हर्षद म्हणाला. “पण बाकीची माणसं... ताई, तुम्ही सगळे इथून हलू नका.”

“तू इथेच थांब,” मी म्हणाले. “तू हललास तर ही बावीस माणसं बावीस दिशांना जातील. रस्ता मला माहीत आहे. चुकायची जागा एकच आहे आत, आणि तिथे मीही चुकलेय.”

“ताई, पुन्हा?”

मी पायऱ्या उतरायला सुरुवातसुद्धा केली होती.

या खेपेला पाय माझेच होते. मी भराभर चालले. ठिपक्यांच्या चौकोनापाशी आले, थांबले, आणि ऐकू लागले. हे काम मला येतं. चोवीस वर्षं मी तेच करत होते, खूप आवाजांतून एक आवाज काढायचा. आणि त्या स्टेशनात ते अवघडही नव्हतं, कारण तिथे कोणी ओरडतच नाही. लाखो माणसांच्या पावलांवरून, लांबून, पिंग-पाँगच्याही पलीकडून, फाटलेला आवाज आला.

“कुमेऽऽ! ए कुमेऽऽ!”

पन्नाशी उलटलेला, सरकारी खात्यातला इंजिनियर, माझा दादा, भर स्टेशनात बोंबलत होता.

“दादा! तिथेच थांब! हलू नकोस!”

तो रेघेवर नव्हता. आवाज उजवीकडून, मोकळ्या जागेतून येत होता. तिकडे जायचं तर रेघ सोडावी लागणार होती. मी सोडली. काठी पुढे धरली आणि त्या पावलांच्या धारेत आडवी घुसले. माणसं माझ्या दोन्ही अंगांनी फाकत गेली. “बोलत राहा दादा!” “कुमे, इकडे, खांबापाशी, खांबापाशी आहे मी!” काठी एका बुटाला लागली आणि त्याने माझे दोन्ही खांदे पकडले.

त्याच्या तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती ते ऐकू येत होतं. आधी चिडला. “नालायक! मला वाटलं तू गेलीस. गाडीखाली गेलीस. मी काय तोंड दाखवणार होतो?” मग खांबाला टेकून तो खाली बसला, लहान मुलासारखा, जमिनीवर. मी त्याच्याशेजारी बसले. लोक आम्हाला वळसा घालून जात राहिले.

तसाच बसून तो म्हणाला, “पालीच्या जत्रेत एकदा सोडला होता मी हात. तेव्हापासून नाही सोडला.”

मला ठाऊक होतं तो हे बोलणार. आई गेल्यानंतर दोनदा बोलता बोलता राहिला होता. पालीची खंडोबाची जत्रा, मी आठ वर्षांची, दादा पंधराचा. वसतिगृहातून सुट्टीला आले होते. भर जत्रेत मी नाहीशी झाले आणि पार संध्याकाळी, नदीच्या काठाला एका कासारणीच्या कापडी पालात सापडले. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, दादाला सगळ्या गावासमोर कमरेच्या पट्ट्याने मारलं. पट्ट्याचा आवाज मला अजून आठवतो. दादा ओरडला नाही, तेही आठवतं.

“दादा,” मी म्हणाले, “हात तू सोडला नव्हतास.”

“काय?”

“मी सोडवून घेतला होता. तू कोणाशी तरी बोलत होतास, तुझी बोटं सैल होती. हलगी वाजत चालली होती. मला तिच्यामागे जायचं होतं. मी हळूच हात काढला आणि गेले. हरवले नव्हते मी, चालत गेले होते. त्या कासारणीने भाकरी दिली, बांगड्या हाताळायला दिल्या. दिवसभर मजेत होते.”

“पण तू आप्पांना म्हणालीस...”

“हो. आप्पांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, दादाने हात सोडला. घाबरले होते. पट्टा आपल्यावर येईल म्हणून. तू मार खाल्लास आणि मी गप्प बसले. आजपर्यंत.”

  पिंग-पाँग चालूच होतं.

“एकोणचाळीस वर्षं,” तो शेवटी म्हणाला. “एकोणचाळीस वर्षं मी...”

“माहीत आहे. माझी चूक आहे, मोठी आहे. काय शिक्षा करायची ती कर. पण तिच्यासाठी मला त्या खोलीत घालू नकोस. जाळी बसवलेल्या.”

“कोणी सांगितलं तुला?”

“वहिनी माझ्यापुढे बसूनच सांगत होती. अर्ज लिहिला आहेस म्हणे. मी सही करणार नाही दादा. चिंचवडला येणार नाही. सातारला राहीन, नोकरी करीन, आणि एकटी जाईन-येईन.”

“सातारला अशा रेघा नाहीत.”

“नाहीत. तरीपण.”

“पडशील.”

“पडेन.”

तो उठला. मला वाटलं तो आता माझं मनगट धरेल. त्याने कोरड्या आवाजात विचारलं, “बाहेर कुठून जायचं?” मी म्हणाले, “माझ्या खांद्यावर हात ठेव.” त्याने ठेवला. खूप जड होता तो हात. 

पुढचे चार दिवस तो माझ्याशी कामाशिवाय बोलला नाही. क्योटोला नाही, हिरोशिमाला नाही, विमानात नाही. वहिनीला त्याने काय सांगितलं माहीत नाही, पण ती मला काही विचारेनाशी झाली. मला वाटलं होतं खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. त्याने मला माफ केलं नव्हतं आणि मी तशी मागणीही केली नव्हती. मला जे हवं होतं ते मी मागितलं होतं, तेवढंच.

सातारला आल्यावर आठवड्याने चिंचवडहून पोस्टाने एक पाकीट आलं. आत एकच कागद. मी तो बँकेत बाबरला वाचायला दिला. बाबर थांबत थांबत वाचू लागला: “...दृष्टी नसल्यामुळे व घरात आधार न उरल्यामुळे मला हे काम झेपत नाही, तरी मला सेवेतून...” तिथे तो थांबला. “ताई, खाली दुसऱ्या शाईने एक ओळ आहे. ‘तुझं तू ठरव.’ बाकी सही नाही, काही नाही.”

“फाडून टाक,” मी म्हणाले.

“मूळ प्रत आहे ताई.”

“म्हणूनच.”

पुढच्या सोमवारी मी रिक्षावाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं; आदल्या रात्री चिंचवडला फोन करून वहिनीलाही तसं कळवलं होतं. यादोगोपाळ पेठेतल्या घरून काठी घेऊन निघाले. राजपथावर एक लांब रेघ नव्हती की ठिपका नव्हता. फुटपाथवर गाडे, गाड्यांवर केळी, मधेच आडव्या लावलेल्या मोटारसायकली, कुत्री. लोक दोन्ही दंडांना धरून मला रस्त्यापार न्यायला बघत होते, मला जायचं नव्हतं तिकडेसुद्धा. मी प्रत्येकाला सांगत होते, “नको. बाजूला व्हा फक्त.” पोवई नाक्याच्या अलीकडे कोणीतरी पाइपासाठी चर खणून ठेवला होता, त्यात मी पडले. गुडघा फुटला, साडी फाटली. माणसं जमली. एक बाई कळवळून म्हणाली, “अगं बाई, एकटीच निघालीस? घरचं कोणी नाही का तुला?”

“आहेत की,” मी म्हणाले. “मी त्यांना आणलं नाही.”

वीस मिनिटं उशिरा बँकेत पोचले. बाबरने गुडघ्याला पट्टी बांधली आणि बडबड केली. मी हेडफोन चढवला. पहिलाच फोन चिंचवडहून होता.

“पोचलीस?” दादाने विचारलं.

“पोचले.”

“लागलं का कुठे?”

“लागलं.”

तो श्वास घेत राहिला. काहीतरी म्हणायचं होतं त्याला. त्याने ते गिळलं, तेही ऐकू आलं मला.

“उद्या किती वाजता निघणार?”

“आजच्याच वेळी,” मी म्हणाले, आणि पुढचा फोन घेतला.